जुन्या इंग्रजी शब्दांचा अर्थ कसा लावायचा, डिक्शनरी उघडण्याआधी आणि उघडल्यावर

घरातला पासपोर्ट काढा आणि त्यात राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते ती नीट वाचा. पासपोर्टधारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावं असं तिथे म्हटलंय. आता लेट म्हणजे करू देणं, जाऊ देणं हे आपण शाळेतच शिकलो, मग ‘जाऊ दिल्याशिवाय जाऊ द्यावं’ हा काय प्रकार? तर हा लेट तो नव्हेच. फार पूर्वी इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती, एकाचा अर्थ जाऊ देणं आणि दुसऱ्याचा बरोब्बर उलटा, म्हणजे अडवणं, पुढे दोघांचं स्पेलिंग आणि उच्चार एकच झाला आणि मग अडवणारा लेट हळूहळू वापरातून गेला. आता तो पासपोर्टवर, कायद्याच्या भाषेत आणि टेनिसमधे सर्व्हिस नेटला घासून आत पडली की उरलाय तेवढाच.

हे उदाहरण आधी घेतलं कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. जुनं इंग्रजी वाचताना अनोळखी शब्दाला घाबरू नका, तो निदान तुम्हाला डिक्शनरी उघडायला लावतो. खरी काळजी ओळखीच्या शब्दाची घ्यायची, कारण त्याच्यापाशी आपण थांबतच नाही आणि अख्ख्या वाक्याचा अर्थ उलटा लावून पुढे जातो. बायबल, जुनी नाटकं, शिवकालातली इंग्रजांची पत्रं, आजोबांच्या वेळचं इंग्रजी खरेदीखत, काहीही वाचत असाल तरी खालच्या क्रमाने जा.

पहिली पायरी: मजकूर कधीचा ते ठरवा

ह्याच्याशिवाय पुढचं सगळं फुकट आहे. आणि इथेच एक गोष्ट समजून घ्या, ‘ओल्ड इंग्लिश’ हे अभ्यासकांचं नाव साधारण सन ११०० च्या आधीच्या भाषेचं आहे, ती आजच्या इंग्रजी वाचणाऱ्याला परकी भाषा वाटते, वेगळी शिकावी लागते. शेक्सपिअर किंवा १६११ चं किंग जेम्स बायबल हे ओल्ड इंग्लिश नाहीच, ते अर्ली मॉडर्न इंग्लिश. म्हणून नेटवर ‘ओल्ड इंग्लिश डिक्शनरी’ असं सर्च केलंत तर भलतंच काहीतरी समोर येईल, त्याऐवजी ‘अर्केइक वर्ड्स’ किंवा ‘अर्ली मॉडर्न इंग्लिश’ असं टाका.

दुसरं म्हणजे छापल्याचं साल आणि भाषेचं साल एकच असेल असं नाही. किंग जेम्स बायबल छापलं गेलं तेव्हाच त्याची भाषा थोडी जुनी वाटणारी होती, कारण त्यातला बराच भाग विल्यम टिंडेलच्या १५२६ च्या भाषांतरावरून आलेला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांमधे लेखक मुद्दाम दोन-तीनशे वर्षं जुने शब्द पात्रांच्या तोंडी घालतात. आणि वकिलांची भाषा तर कायमच आपल्या काळाच्या मागे असते. तेव्हा साल लिहून ठेवा, पण लिहिणारा कोण आणि कशासाठी लिहितोय हेही बघा.

दुसरी पायरी: अक्षरं ओळखा

साधारण १८०० च्या आधीच्या छापील पुस्तकात एक लांबुळका एस असतो, तो एफसारखा दिसतो पण आडवी रेघ पूर्ण नसते. शब्दाच्या सुरुवातीला आणि मधे हा लांब एस, शेवटी नेहमीचा. स्कॅन केलेल्या पुस्तकात कॉम्प्युटर बऱ्याचदा त्याला एफच समजतो, म्हणून ‘सच’ हा शब्द सापडत नसेल तर त्याच्या पहिल्या एसच्या जागी एफ टाकून सर्च करा, ढीगभर सापडतील.

यू आणि व्ही, आय आणि जे ही तेव्हा वेगळी अक्षरं मानली जात नव्हती. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीला व्ही आणि मधे यू, त्यामुळे ‘लव्ह’ मधे यू दिसतो आणि ‘अप’ व्हीने सुरू होतो. हे डिक्शनरी बघतानाही आडवं येतं, सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या डिक्शनरीत आय आणि जे चे शब्द एकत्रच लावलेत, यू आणि व्ही चेही, म्हणून ‘जज’ शोधायचा तर आय च्या रांगेत बघायचं. म्यूझिक, पब्लिक ह्यांच्या शेवटी जास्तीचा के, ‘शो’ च्या जागी ई घातलेला ‘श्यू’ सारखा दिसणारा शब्द, ही नुसती स्पेलिंगं आहेत, अर्थ तोच.

आणि दुकानांच्या पाट्यांवर ‘यी ओल्ड’ असं जे लिहितात त्यातलं पहिलं अक्षर वाय नाहीच. ‘थ’ साठी इंग्रजीत थॉर्न नावाचं एक अक्षर होतं, हाताने लिहिताना ते वाय सारखं दिसायला लागलं आणि छापणाऱ्यांनी वाय लावला. उच्चार साधा ‘द’.

तिसरी पायरी: छोटे शब्द आधी

दाऊ, दी, दाय, दाईन म्हणजे तू, तुला, तुझं, तुझं. इंग्रज वाचकाला हे शिकवायला पानं खर्च करावी लागतात, आपल्याला तू आणि तुम्ही रोजच्या तोंडात आहे. तेव्हा नाटकात एखादं पात्र तुम्ही वरून अचानक तू वर आलं तर तिथे थांबा, राग तरी आलाय, प्रेम तरी उतू जातंय नाहीतर समोरच्याची पायरी दाखवायची आहे. बायबलमधे मात्र दाऊ हा नुसता एकवचनी आहे, राजालाही दाऊ आणि देवालाही दाऊ, तिथे भाव शोधत बसू नका.

क्रियापदाला ‘एस्ट’ लागलं की तू, ‘एथ’ लागलं की तो किंवा ती. डिक्शनरीत शोधताना ही शेपटं काढून टाका, नाहीतर एन्ट्री मिळणार नाही. हॅथ म्हणजे हॅज, डथ म्हणजे डझ, आर्ट म्हणजे आर, विल्ट म्हणजे विल. वॉट म्हणजे ठाऊक असणं आणि विस्ट त्याचा भूतकाळ. क्वोथ ही म्हणजे ‘तो म्हणाला’. मीथिंक्स हा शब्द मराठी माणसाला लगेच पटतो, कारण त्यात मी कर्ता नाहीच, ‘मला वाटतं’ ह्यातला जो ‘मला’ तोच तिथला ‘मी’.

तसंच हिदर, दिदर, व्हिदर म्हणजे इकडे, तिकडे, कुणीकडे, आणि हेन्स, देन्स, व्हेन्स म्हणजे इथून, तिथून, कुठून. म्हणजे ‘व्हेन्स’ मधे ‘हून’ आलेलाच आहे. व्हेअरफोर मात्र ह्या रांगेतला वाटला तरी त्याचा अर्थ ‘कुठे’ नाही, ‘का’ किंवा ‘म्हणून’. ज्युलिएट गच्चीत उभी राहून रोमिओ कुठे आहेस असं विचारत नाही, तू रोमिओच का आहेस, माझ्या शत्रूच्या घरातलाच का, असं विचारते, आणि हा एक शब्द चुकला की त्या प्रसंगातली सगळी वेदनाच निघून जाते.

चौथी पायरी: ओळखीचे चेहरे तपासा

ही सगळ्यात महत्त्वाची, इथे घाई करू नका. नियम सोपा आहे, वाक्यातले सगळे शब्द ओळखीचे असूनही अर्थ जरा विचित्र, लंगडा किंवा उगाच विनोदी वाटला तर समजा की एखादा शब्द वेश बदलून बसलाय.

बायबलच्या स्तोत्रात, ११९ व्या, भक्त म्हणतो ‘आय प्रिव्हेंटेड द डॉनिंग ऑफ द मॉर्निंग’. पहाट थांबवली? नाही, प्रिव्हेंट म्हणजे तेव्हा आधी येणं, अगोदर पोचणं, म्हणजे तो पहाटेच्याही आधी उठून प्रार्थनेला बसला. ‘सफर लिटल चिल्ड्रन’ मधे मुलांचा छळ नाही, सफर म्हणजे होऊ देणं, येशू म्हणतोय पोरांना माझ्याकडे येऊ द्या. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला झाडपाला आणि फळं देतो आणि म्हणतो हे तुमचं ‘मीट’, कारण मीट म्हणजे कुठलंही अन्न. हा अर्थ आपल्याकडे अजून जिवंत आहे, मिठाईच्या दुकानांच्या पाट्यांवर ‘स्वीटमीट’ लिहिलेलं असतं ना, तेच. क्विक म्हणजे जिवंत, म्हणून ‘द क्विक अँड द डेड’. कॉन्व्हर्सेशन म्हणजे गप्पा नाहीत, वागणूक. नॉटी म्हणजे खट्याळ नाही, चांगलंच दुष्ट.

वेळेचे शब्द तर एकजात घसरलेत. सून, अनॉन, प्रेझेंटली, बाय अँड बाय ह्या सगळ्यांचा अर्थ मुळात ‘ह्या क्षणी, ताबडतोब’ असा होता, आणि ते सगळे ‘थोड्या वेळाने’ वर आले, आपलं ‘आलोच’ जसं अर्ध्या तासावर जातं तसंच. म्हणून १६०० च्या आसपासच्या मजकुरात प्रेझेंटली दिसला की आधी ‘लगेच’ लावून बघा.

अठराव्या शतकातले शब्द जास्त अवघड, कारण भाषा बरीच आजच्यासारखी दिसते. नाईस म्हणजे छान नाही, काटेकोर, बारीक भेद करणारा, कधीकधी नको इतका चोखंदळ. कॅन्डिड म्हणजे तोंडावर बोलणारा नाही, तर मनात आकस न ठेवता समोरच्याचं चांगलं बघणारा. ऑफुल म्हणजे वाईट नाही, ज्याच्यापुढे छाती दडपते असा. आर्टिफिशियल म्हणजे कौशल्याने घडवलेलं, ती स्तुती असायची. फॉन्ड म्हणजे त्याआधी मूर्ख. डाउट ह्याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी ‘असं झालं असणार अशी भीती वाटते’, म्हणजे आजच्या जवळजवळ उलट. कंडिसेन्शन म्हणजे मोठ्या माणसाने आपला मोठेपणा बाजूला ठेवून नम्रपणे वागणं, आज तोच शब्द अपमान आहे. आणि एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीत कुणी दिवाणखान्यात चारचौघात कुणाशी ‘मेक लव्ह’ करत असेल तर दचकू नका, तो फक्त गोड बोलून प्रेमाची आळवणी करतोय.

पाचवी पायरी: योग्य डिक्शनरी निवडा

आजची डिक्शनरी आजच्या वाचकासाठी असते. जुन्या मजकुरासाठी त्याच काळाच्या जवळची डिक्शनरी घ्या. अठराव्या शतकासाठी जॉन्सन, १७५५, चाळीस हजारांवर शब्द आणि प्रत्येकाखाली चांगल्या लेखकांची वाक्यं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीसाठी आणि बायबलसाठी नोआ वेबस्टरची १८२८ ची, ह्यात बायबलमधले दाखले भरपूर आहेत. त्यानंतरच्यासाठी वेबस्टरचीच १९१३ ची. तिन्ही नेटवर फ्री आहेत. शेक्सपिअरसाठी अलेक्झांडर श्मिट ह्या जर्मन अभ्यासकाचा कोश आहे, १८७४-७५ चा, तोही फ्री, प्रत्येक शब्द कुठल्या नाटकात कुठल्या अर्थाने आलाय ते देतो.

एक सावधगिरी, जुन्या डिक्शनरीतली व्याख्याही जुन्याच इंग्रजीत असते. जॉन्सनने ‘नेटवर्क’ची व्याख्या करताना जे शब्द वापरलेत ते नेटवर्कपेक्षा चौपट अवघड आहेत. म्हणजे कधीकधी व्याख्येतला शब्द पुन्हा शोधावा लागतो, तो कंटाळा करू नका. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश वापरणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा, पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची, म्हणजे त्यातलं इंग्रजी त्या काळातलं आहे. मोल्सवर्थचा अर्थ खटकला तर मराठी शब्दावर शंका घेण्याआधी त्यातला इंग्रजी शब्द वेबस्टर १८२८ मधे बघा.

आणि सगळ्यांचा बाप म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मधे विषय काढला, पहिला भाग १८८४ मधे निघाला आणि शेवटचा १९२८ मधे, संपादक जेम्स मरे त्याच्या आधीच वारले. हजारो लोकांनी पुस्तकं वाचून वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली आणि त्यातून प्रत्येक अर्थाखाली सालासकट दाखले लागले. मला ह्या कामाबद्दल अपार आदर आहे. आपल्या कामाचं म्हणजे ही सालंच, तुमचा मजकूर १६६४ चा असेल तर ज्या अर्थाखाली त्याच्या आगेमागे दाखले आहेत तोच अर्थ आधी घ्या. आजची ऑनलाइन आवृत्ती पैसे भरून आहे, पण बऱ्याच विद्यापीठांच्या लायब्ररीत मिळते, आणि पहिल्या आवृत्तीचे खंड इंटरनेट आर्काइव्हवर फ्री आहेत, फक्त तिथे तिचं तेव्हाचं नाव शोधा, ‘अ न्यू इंग्लिश डिक्शनरी ऑन हिस्टॉरिकल प्रिन्सिपल्स’.

सहावी पायरी: लेबल आणि क्रम वाचा

अर्थाच्या आधी जी तिरकी छोटी अक्षरं असतात ती लोक सोडून देतात. ऑब्सोलीट म्हणजे वापर संपला. अर्केइक म्हणजे रोजच्या भाषेतून गेला पण प्रार्थना, कविता, कायदा अशा कोपऱ्यात आहे. हिस्टॉरिकल म्हणजे शब्द जुना नाही, वस्तू जुनी, जसं चिलखताच्या भागांची नावं. ऑक्सफर्डमधे मेलेल्या शब्दाआधी खंजिराची खूण असते. मेरियम-वेबस्टरमधे ऑब्सोलीट लेबलचा नेमका अर्थ १७५५ नंतर वापराचा पुरावा नाही असा आहे, जॉन्सनची डिक्शनरी निघाली ते साल त्यांनी हद्द म्हणून धरलंय.

क्रम त्याहून महत्त्वाचा. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी आणि मेरियम-वेबस्टर सगळ्यात जुना अर्थ आधी देतात, विद्यार्थ्यांसाठीच्या डिक्शनऱ्या आजचा अर्थ आधी देतात. म्हणजे एक नंबरचा अर्थ हाच खरा असं धरून चालणं दोन्हीकडे धोक्याचं.

सातवी पायरी: आपल्याकडचे इंग्रजी कागद

शिवकालाबद्दल वाचणाऱ्यांनी इंग्रजांच्या पत्रांतला ‘फॅक्टरी’ शब्द बघितला की कारखाना डोळ्यासमोर आणू नये, तिथे काहीच बनत नव्हतं. मराठी इतिहासकारांचा ‘वखार’ हा शब्द अगदी अचूक आहे, सुरतेची वखार, राजापूरची वखार. फॅक्टर म्हणजे तिथला व्यापारी अधिकारी आणि रायटर म्हणजे लेखक नाही, कंपनीचा सगळ्यात खालचा कारकून. सर्व्हंट म्हणजे घरगडी नाही, कंपनीचा नोकर. इन्व्हेस्टमेंट म्हणजे विलायतेला पाठवायला खरेदी केलेला माल. असे शब्द आणि इंग्रजांनी मोडतोड केलेले आपले शब्द शोधायला हॉब्सन-जॉब्सन हा १८८६ चा कोश घ्या, यूल आणि बर्नेलचा. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर तो आणि मोल्सवर्थ दोन्ही आहेत. नावं कशीही लिहिलेली असतात, शिवाजी महाराजांचं नाव ‘सेवाजी’ असं दिसेल, तेव्हा डोळ्यांनी न वाचता मोठ्याने वाचा.

खरेदीखतं आणि भाडेपट्ट्यांमधे ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ असतं, त्यात कुणी वारलेलं नाही, डिमाइज म्हणजे भाड्याने देणं. ‘डिटरमिन’ म्हणजे संपुष्टात येणं, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १११ व्या कलमात भाडेपट्टा ‘डिटरमिन’ होतो तो असाच. ‘दीज प्रेझेंट्स’ म्हणजे हा दस्तऐवज. मेस्यूएज म्हणजे घर आणि त्याच्या आवारातलं सगळं. ‘विटनेसेथ’ मधलं एथ आता तुम्ही ओळखालच. पण एक सांगते, प्रत्यक्ष व्यवहार असेल तर अर्थ कळला तरी वकिलाकडून खात्री करून घ्या.

जुन्या धंद्याच्या पत्रांत ‘अल्ट’ म्हणजे गेल्या महिन्यातली तारीख, ‘इन्स्ट’ म्हणजे चालू महिन्यातली, ‘प्रॉक्स’ म्हणजे पुढच्या, आणि ‘युअर फेव्हर’ म्हणजे उपकार नाही, तुमचं पत्र. मोजमापात स्कोअर म्हणजे वीस, आपल्या गावाकडची म्हातारी माणसं विसांवर मोजतात तसं. लिंकनने १८६३ च्या भाषणात ‘फोर स्कोअर अँड सेव्हन’ वर्षं म्हटलं ती सत्त्याऐंशी, वजा करा, १७७६ येतं.

आता एक वाक्य सोडवू

हे मी मुद्दाम रचलेलं आहे, सतराव्या शतकातल्या व्यापाऱ्याच्या धाटणीचं: ‘वी डाउट द गव्हर्नर विल प्रेझेंटली लेट अवर ब्रोकर्स, व्हेअरफोर वी प्रे यू टु सफर देम टु कम हिदर अनॉन.’ आजच्या इंग्रजीने वाचलं तर असं वाटतं की गव्हर्नर सध्या आमच्या दलालांना परवानगी देईल अशी खात्री नाही, मग त्यांना इथे यायचा त्रास कशाला. पण परवानगीच मिळणार नसेल तर ‘प्रे’, म्हणजे विनंती, कसली? वाक्य लंगडतंय, म्हणजे चौथ्या पायरीवर जायचं.

एकेक शब्द त्या काळच्या अर्थाने ठेवा. डाउट, भीती वाटते. प्रेझेंटली, लगेच. लेट, ह्याच्यापुढे दुसरं क्रियापद नाही, थेट माणसंच आहेत, म्हणून अडवणं. व्हेअरफोर, प्रश्न नाही तर ‘म्हणून’. सफर, येऊ देणं. हिदर, इकडे. आता वाक्य उभं राहतं: गव्हर्नर लगेचच आमच्या दलालांची अडवणूक करेल अशी भीती वाटते, म्हणून आमची विनंती की त्यांना इकडे येऊ द्यावं. अर्थ पूर्ण फिरला, आणि अनोळखी म्हणावा असा शब्द त्यात हिदर आणि अनॉन सोडून एकही नव्हता.

राहिला अनॉन. सतराव्या शतकापर्यंत त्याचे ताबडतोब आणि लवकरच असे दोन्ही अर्थ चालत होते, त्यामुळे नुसत्या डिक्शनरीवरून निवड होत नाही, पुढचं-मागचं पत्र बघावं लागतं. ते हाताशी नसेल तर वहीत साल, पूर्ण वाक्य आणि दोन्ही अर्थ लिहून ठेवा, एकच निवडून दुसरा खोडू नका.